वखारीतलं लाकूड आणि दोन ग्लास

बिशान, सिंगापूर
ऑगस्ट २००६, रविवार

ती. मनोहरमामांना,

अनुयाचा वाकून नमस्कार, आणि मामींनाही. मात्र पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचा, मग मामींना वाचून दाखवताना काय गाळायचं ते ठरवा.

तुमचा गुडघा कसा आहे? अमरावतीच्या डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केल्यापासून तुम्ही जिने सोडून वखारीतल्या फळ्यांच्या थप्प्यांवर चढता, असं मामी सांगत होत्या (थप्पी म्हणजे जिना नव्हे, हे तुम्ही डॉक्टरांनाच ऐकवलंत म्हणे). मामींची साखर आटोक्यात आहे ना? आम्ही इथे मजेत. शैलेंद्रचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला हलल्यापासून तो सकाळी झोपेतच घराबाहेर पडतो आणि खरा जागा होतो तो संध्याकाळी परत आल्यावर. राधिका हल्ली फक्त भूक लागली की मराठीत बोलते. बाकी सगळं ठीक.

फोन करायचा सोडून पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. मामा, फोनवर प्रबोधचं नाव काढलं की परतवाड्याची लाइन खराब होते. दर वेळी, नेमकी त्याच शब्दावर. पत्राची लाइन खराब होत नाही.

तर प्रबोध आमच्याकडे आहे आणि सुखरूप आहे. मुलगा सिंगापूरला भट्टी बघायला गेलाय, एवढंच ऐकून कुणा बाईनं देवळात मामींना 'दारूचा धंदा काढताय का' असं विचारलं, तेही मला कळलं. मामींना सांगा, भट्टी लाकूड वाळवायची आहे. बंद खोली, आत गरम हवा, आणि ओलं लाकूड बघता बघता कोरडं. (या पत्रात पुढे दारू येणार आहे, पण ती दुसऱ्याच्या भट्टीची.) तुम्ही बापलेक कशावरून भांडलात, ते मला दोन्ही बाजूंनी पाठ आहे. तुमचं म्हणणं, साग दोन वर्षं उघड्यावर पडू द्यावा, ऊन-पाऊस खाऊ द्यावा, मग त्याचं दार जन्मभर वाकत नाही. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक दोन वर्षं थांबत नाही, ते नागपूरहून तयार दार आणतं. मग तुम्ही म्हणालात, भट्टी आणायची तर वखारीत पाऊल टाकू नकोस, आणि तो म्हणाला, बरं. दोन शांत माणसं भांडली की फार पंचाईत होते. आरडाओरडा झाला असता तर निदान शेजाऱ्यांनी येऊन मिटवलं असतं.

इथे आल्यावर त्यानं यंत्रांचं प्रदर्शन बघितलं, माहितीपत्रकांचा ढीग आणला आणि तो ढीग सोफ्याखाली सरकवून गप्प बसला. आमच्या घरातलं एकही सामान त्यानं सोडलं नाही. कपाटावर टकटक करून 'भुसा' म्हणाला, जेवणाच्या टेबलावर टकटक करून 'भुसा आणि डिंक' म्हणाला. राधिकेच्या अभ्यासाच्या टेबलावर टकटक करायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "मामा, डोन्ट लाह, इट विल ब्रेक." (इथल्या इंग्रजीला असं 'लाह' लावावं लागतं.) इथे दुपारी रोज पाऊस येतो. तो आला की प्रबोध कॉरिडॉरमध्ये उभा राहतो आणि खालच्या बागेतली बाकं भिजताना बघतो. मला वाटे, त्याला बाकांची काळजी आहे. (ती असेलही, पण तेवढीच नव्हती.)

आता दारू. माझं ऑफिस हार्बरफ्रंटला, जहाजांवरून मालाची ने-आण करणारं. आमच्या गिऱ्हाइकांत मिस्टर हॉलिस म्हणून एक अमेरिकन गृहस्थ आहेत. केंटकी नावाच्या त्यांच्या प्रांतात त्यांचा लाकडी पिपं बांधायचा पिढीजात कारखाना आहे. त्या पिपांत बर्बन नावाची त्यांची व्हिस्की मुरते. हे हॉलिस सिंगापूरला आले आणि बंदरासमोरच्या हॉटेलात त्यांनी व्यापारी मंडळींना चव बघायला बोलावलं. आमच्या साहेबांची दाढ ठणकत होती, म्हणून दोन जणांचं आमंत्रण माझ्या टेबलावर आलं. शैलेंद्र, ज्याला या विषयाची खरीखुरी तहान, तो त्या दिवशी चांगीला ऑडिटरांच्या तावडीत. तेव्हा गेलो आम्ही दोघं, जन्मात थेंब न चाखलेली मी आणि भट्टीच्या विवंचनेतला प्रबोध. शैलेंद्र अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतो.

उंचावरची खोली, पलीकडे समुद्र, त्यावर नांगर टाकून झोपल्यासारखी जहाजं. हॉलिस हा भला थोरला, सावकाश बोलणारा माणूस. तो म्हणाला की ही व्हिस्की निघते तेव्हा पाण्यासारखी असते. रंग, गोडी, वास हे बहुतेक सगळं तिला लाकूड देतं. ओकच्या फळ्यांचं पीप बांधायचं, आतून पेटवून त्याला कोळशाचा थर आणायचा, आणि मग वर्षानुवर्षं दारू त्यात निजवून ठेवायची. शिवाय बर्बनला दर वेळी कोरं पीप लागतं, म्हणून लाकडाचं जे बरंवाईट असेल ते लपत नाही. मग त्यानं प्रत्येकापुढे दोन ग्लास ठेवले. दारू तीच, गोदाम तेच, वर्षं तेवढीच. फरक होता तो पीप व्हायच्या आधीचा. एका पिपाचं लाकूड कापल्या कापल्या भट्टीत वाळवलेलं, दुसऱ्याचं दोन वर्षं आवारात उघड्यावर पडलेलं. कोणता ग्लास कुठला, ते ओळखायचं.

मी प्रबोधकडे बघितलं. तो ग्लासांकडे बघत होता. तुमचं भांडण, मामा, जसंच्या तसं, सोनेरी रंगाचं, आमच्यासमोर टेबलावर.

मी पहिल्या ग्लासाला नाक लावलं आणि हार्बरफ्रंट विरघळलं. खरंच सांगते. समुद्र गेला, जहाजं गेली. मी तुमच्या वखारीत सागाच्या थप्पीवर पालथी पडले होते, गाल फळीवर, खाली लाकूड चिरणारी आरामशीन गुरगुरत होती, आणि हवेत भुशाचे कण उन्हात इतके हळू उतरत होते की खाली पोचायला त्यांना सुट्टी पुरली नसती. कुठूनतरी मामींची जेवायला हाक येत होती आणि ती हाकसुद्धा लाकडातून आल्यासारखी जाड, ऊबदार. किती वेळ तशी होते, देव जाणे. भानावर आले तेव्हा घोट तोंडात होता. शेजारी एक पत्र्याचं भांडं होतं, घोट तोंडात फिरवून त्यात थुंकायची रीत असते. पण मामा, ज्या देशात रस्त्यावर थुंकल्याबद्दल दंड होतो, त्या देशात इतकी वर्षं काढलेल्या बाईनं गालिच्यावर उभं राहून चार साहेबांदेखत थुंकावं कसं? मी गिळलं. (मामींसाठी हे वाक्य गाळा.)

दुसऱ्या ग्लासाचा मी नुसता वास घेतला. मऊ होता, पाक करपायच्या आधी क्षणभर येतो तसा, जरासा वेलदोड्याचा. चांगला होता, पण त्यात वखार नव्हती. तेव्हा मी उभी राहिले. माझ्या पोटात काहीतरी ऊबदार बोलत होतं, त्याचाही दोष असेल. पहिला ग्लास आवारातल्या लाकडाचा, असं मी भर सभेत सांगितलं, आणि थांबले नाही. परतवाड्याची वखार सांगितली, माझे मामा सांगितले, त्यांचा गुडघासुद्धा सांगितला. घाईनं वाळवलेल्या लाकडात आत्मा नसतो, असंही इंग्रजीत काहीतरी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉलिसनं मान खाली घातली होती. मला वाटलं, आदरानं.

प्रबोध मात्र दुसऱ्या ग्लासात नाक घालून बसला होता. डोळे मिटलेले. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही. मग मला मराठीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "ताई, चुकतेस तू. आवारातला हा आहे. हा बाबांचा."

आणि तोच होता. मी भट्टीच्या ग्लासावर भाषण ठोकलं होतं, तुमचं नाव घेऊन. हॉलिसनं मला फार सांभाळून समजावलं. म्हणाला, तुम्हाला आठवतो तो करवतीचा वास, नुकत्याच कापलेल्या लाकडाचा. तो लांबून हाक मारतो, म्हणून लहानपणी तोच मनात राहतो. उघड्यावर पडलेल्या लाकडातला कडवटपणा पाऊस धुऊन नेतो, बुरशी आत शिरून ते हळूहळू मऊ करते, आणि मग आग लागली की त्यातून गोडी निघते. असं लाकूड हाक मारत नाही, जवळ जावं लागतं. पहिल्या वर्षी आमच्या थप्प्यांखालून काळं पाणी वाहतं, असं तो म्हणाला, आणि प्रबोध एकदम बोलू लागला. त्याचं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी त्याला कुणी थांबवू शकलं नसतं. तो सांगत होता, आमच्याकडे सागातून तांबडं पाणी निघतं, माझे वडील म्हणतात थप्पी रडतेय, रडून घेऊ दे तिला, मध्ये पडू नकोस. हॉलिसनं ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि मग स्वतः सावकाश सगळ्या खोलीला ऐकवलं. मामा, तुमचं वाक्य केंटकीच्या माणसाच्या तोंडून, सिंगापूरच्या बंदरावर.

नंतर प्रबोधनं हळूच विचारलं, तुमच्याकडे भट्टी आहे का. हॉलिस म्हणाला, आहे की. आधी आवार, आणि आवारानं आपलं काम केलं की शेवटचा ओलसरपणा काढायला थोडे दिवस भट्टी. नाहीतर माझी माणसं ऊन कधी पडतं म्हणून आभाळाकडे बघत बसतील. प्रबोध म्हणाला, "म्हणजे दोन्ही?" तो म्हणाला, दोन्ही. इतकं साधं उत्तर ऐकून आम्ही दोघं मूर्खासारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

परत येताना आम्ही MRT ची मेट्रो सोडून पाण्याच्या कडेनं चालत राहिलो. संध्याकाळ होत होती, समोरच्या सेंटोसा बेटावर जाणारे केबल कारचे डबे आभाळातून तरंगत चालले होते, आणि माझे पायही जमिनीला पूर्ण टेकत नव्हते (एकाच घोटानं, मामा, शपथ). प्रबोध म्हणाला, "त्या ग्लासात बाबांच्या शर्टाचा वास होता. संध्याकाळी वखार बंद करून घरी येत, तेव्हाचा." मग पुष्कळ चालल्यावर म्हणाला, "मी थप्प्या मोडायला निघालो नव्हतो गं. त्यांना ते सांगायचंच राहिलं." दिवसभराचं माझं बोलून झालं होतं.

आता पत्र आवरते. शैलेंद्रचा नमस्कार, राधिकेचाही (ती झोपली आहे, पण जागी असती तर केला असता). गुडघ्याला जपा.

तुमची,
अनुया

ता. क. सोबतच्या कागदात ओकचा एक तुकडा आहे, हॉलिसनं तुमच्यासाठी दिला. त्याला टकटक करू नका, नाकाशी धरा.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण हेच. प्रबोधनं भट्टीची मागणी काल नोंदवून टाकली. लहानातली लहान आहे. थप्प्या आहेत तिथेच राहतील, त्यांची दोन वर्षंही राहतील, असं तो म्हणतो. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, शेवटी भट्टीच्या बाजूनं भाषण मीच केलं होतं. पण तो येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी बडनेऱ्याला गाडीतून उतरतोय. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः जा.

ता. क. ३. खालची ओळ त्याच्या हातची आहे. ती लिहायला त्याला या सबंध पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

बाबा, भट्टीचं दार कुठल्या बाजूला ठेवू? तुम्ही दाखवाल तिथेच पाया खणतो. – प्रबोध