शिवराजचे काका, मोटार बंद करा

मु. उजनीकाठ, जि. सोलापूर

चिरंजीव शिवराज यास,

कोंडीबाकाकाचा धरणाच्या काठावरून आशीर्वाद. इकडे मी, म्हैस आणि केळीची बाग ठणठणीत. तुझ्या काकीचं कोपर सुजलंय, त्याची हकिगत पुढे येईलच. तू वेळेवर जेवतोस का? फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि त्यावरून पोटात काय गेलं ते कळत नाही, म्हणून हे पत्र.

परवा ऋतुजानं काकीला सगळं सांगितलं. (बायकोवर रागावू नकोस. तू सांगणार नव्हतास, कुणीतरी सांगायलाच हवं होतं.) विमानतळाच्या टॉवरमधून एका विमानाला तू खाली ये म्हणालास, 'आलो' म्हणालं भलतंच विमान, आणि तुझ्या ते ध्यानात यायला जरा उशीर झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली, साहेबांनी एक तारखेपासून परत बस म्हणून सांगितलं. आणि तू म्हणे आता माईक हातात धरणार नाहीस, गावी येऊन केळी करणार आहेस. हे ऐकल्यापासून तुझी काकी दिवसातून चारदा विचारते, शिवराजचा फोन आला का.

आता कोपराकडे येतो. दिवाळीला तू ते दोन वायरलेस सेट दिलेस, ते फार उपयोगी पडले. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की मोटारही त्याच्या मागं खाली न्यावी लागते, तिथं मोबाईलला रेंज नाही. मी मोटारीजवळ, काकी बागेत, आणि मध्ये तुझा सेट. हे बघून सगळ्या काठानं टेंभुर्णीच्या बाजारातून तसलेच सेट आणले. सगळे एकाच नंबरावर चालतात, कारण बटणं फिरवली तर बिघडतील म्हणून कुणी हात लावत नाही. तू शिकवलं होतंस की आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यावं, मग आपलं, मग काम सांगावं. काठावरच्या एकाही बाईनं हे पाळलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तुझ्या काकीनं माझं नाव लग्नात उखाण्यात घेतलं, तेसुद्धा नणंदेनं चिमटा काढल्यावर. त्यामुळे सगळ्या जणी आपल्या 'अवो' म्हणतात.

मंगळवारी बागेतला पाईप निसटला. काकी सेटवर म्हणाली, "अवो, मोटार बंद करा की." काठावरच्या झाडून सगळ्या नवऱ्यांनी आपापल्या मोटारी बंद केल्या. (लग्न मुरलं की माणूस आवाज कुणाचा ते बघत बसत नाही.) दोघातिघांनी "केली, केली" असं कळवलंसुद्धा. चालू राहिली ती फक्त माझी. मला वाटलं, इतकं हळू आमची कुठं बोलते, दुसऱ्या कुणाची तरी असेल. काकीनं ते "केली" ऐकलं, पाईपातलं उरलेलं पाणी वाहतंय असं समजून वाकली आणि पाईप जोडायला गेली. पाईपानं अशी उसळी घेतली की ती चिखलात बसली, कोपर दगडावर आपटलं आणि एक चप्पल पाटातून शेजाऱ्याच्या उसात गेली. संध्याकाळी काठावरच्या प्रत्येक घरात नवऱ्याला दोन प्रश्न होते. मोटार का बंद केली, आणि दुसऱ्याच्या बायकोचं इतकं कसं ऐकता.

मला वाटलं, ही आता सेट धरणात टाकणार. मी म्हणालोही, "ऱ्हाऊ दे तो सेट. मीच येरझाऱ्या घालीन." तर कोपराला हळद लावता लावता म्हणते, "अन् केळीला पानी कोन पाजनार? कुटं चुकलं ते कळलंय न्हवं? आता नीट बोलू." दुसऱ्या दिवशी सकाळी सेट घेऊन बागेत हजर. कोपर धड वाकत नव्हतं, मी पाहिलं. तरी धरला.

नाव मात्र अजून घेत नाही. त्यावर तिनं तोड काढली. आता म्हणते, "शिवराजचे काका, मोटार बंद करा." आणि मी अख्खं परत म्हणायचं, "शिवराजच्या काकानं मोटार बंद केली." मग ती "बरुबर" म्हणते. (आम्हाला मूलबाळ नाही, तरी तुझं नाव सुचायला तिला पळभरही लागलं नाही.) तिचं बघून कुणी पिंकीचे पप्पा झालं, कुणी अंकिताचे आबा. तेव्हा बाळा, इथं दिवसभर काठावर सेटवरून तुझं नाव चालतं, आणि कुणाची मोटार चुकत नाही.

ऋतुजाला आशीर्वाद.

तुझा,
कोंडीबाकाका

ता. क. : केळी करायला कायमचा येऊ नकोस. काकीनं "शिवराजचे काका" म्हटलं की अर्ध्यातच तू "ओ" देशील आणि पुन्हा पहिल्यापासून गोंधळ. रजा काढून खुशाल ये, चप्पल शोधायची आहे.

आणखी एक : पत्र पोचल्यावर काकीला फोन कर. 'हं' म्हणून चालणार नाही. "काकी, एक तारखेला मी माईकवर बसतो," असं अख्खं म्हणायचं, आणि ती "बरुबर" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. ती सेटसारखाच फोनही उशाशी घेऊन बसली आहे.