फाटकावरचं वारं

प्रिय आई,

पत्र पाहून घाबरू नकोस. पैसे नकोत, तब्येत ठणठणीत आहे आणि लग्नही केलेलं नाही. सध्या मी तोर्रेमोरात आहे. पीचची तोडणी संपल्यावर पुढे जायचं होतं, पण इथल्या खाणावळीत गोगलगायींचा रस्सा असा काही करतात, की जेवायला थांबले ती भांडी घासायलाच राहिले. मालकाचा पोपट मला बघून शिट्टी मारतो. असो, सांगायचं वेगळंच होतं.

इथे मी वेगवान गाडीनं आले. होय, तीच, ‘त्यांच्या गाडीत पाय ठेवणार नाही’ असं तू म्हणतेस ती. आपलं गाव आलं, गाडी बोगद्यात शिरली आणि खिडकीत एकदम काळोख. मोबाइलची रेंज गेली म्हणून शेजारचे कोटवाले गृहस्थ चरफडले, ‘एवढे कोटी युरो जमिनीखाली पुरले, ते कोणासाठी?’ म्हटलं, ‘माझ्या आईसाठी. ती आत्ता तुमच्या डोक्यावर बसून बटाटे सोलत असेल.’ बिचारे वर बघायला लागले! मग काय, मी सुरूच झाले.

त्यांना सगळं सांगितलं. नवे रूळ जुन्यांच्या जागी वरूनच जाणार होते आणि दोन्ही बाजूंना उंच भिंत. शाळा, दवाखाना, बाजार सगळं पलीकडे, आपण अलीकडे. माद्रिदचं सरकार म्हणे, युरोपकडून फक्त रुळांचे पैसे आलेत, बोगद्याचे प्रांतानं बघावं. प्रांत म्हणे, नगरपालिकेनं बघावं. महापौर म्हणाले, माझ्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांपुरतेच आहेत. तेव्हा भर सभेत तू उठलीस, ‘मग आता मी कोणाकडे बोट दाखवू? माझ्या कोंबडीकडे?’

आणि संध्याकाळी गल्ली दारात खुर्च्या टाकून वारा खायला बसते ना, त्या वेळी तू आपली खुर्ची उचललीस आणि थेट रेल्वे फाटकावर नेऊन टाकलीस. पोलिसातला खिनेस धावत आला, ‘एन्कार्ना मावशी, इथे बसता येत नाही.’ तू म्हणालीस, ‘बसले कुठे? वारा खातेय. दारात भिंत घालणार तुम्ही, मग वारं येणार ते इथेच.’ दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन हजर. खिनेसची आईसुद्धा! तो बिचारा तिला शाल आणून द्यायला पळाला. अडकलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला तू अंजिरं दिलीस. टीव्हीवाले आपल्याला आडमुठे म्हणत होते आणि आपण सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो होतो. अख्खा हिवाळा गेला. शेवटी तिघांनी वाटून घेऊन पैसे काढलेच की! आधी नव्हते ते आले कुठून, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

कोटवाले उतरताना म्हणाले, ‘तुमच्या आईंना नमस्कार सांगा.’ आई, माझी छाती अशी फुगली होती, की बॅगेसकट दारातून मी मावेना.

आता खरं कारण. गाडी सध्या तोर्रेमोरापर्यंतच येते. आता ती पुढे नेणार आहेत, इथल्या जुन्या रुळांच्या जागेवरून, या वस्तीच्या मधोमध. पुन्हा तीच भिंत, पुन्हा तेच, ‘बोगद्याला पैसे नाहीत.’ इथल्यांनी अर्ज केले, घोषणा दिल्या, कोणी ढुंकून बघितलं नाही. काल खाणावळीत मला राहवलं नाही, तुझी गोष्ट सांगितली. सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या, पोपटानं शिट्टी मारली. मग खाटीकबाई उठली, ‘येईल का गं ती?’ तुला न विचारता मी म्हणून बसले, ‘येईल.’ पुढच्या आठवड्यात भिंतीच्या कंत्राटावर सह्या आहेत. इकडची बस आठवड्यातून एकदाच सुटते, तिनं वेळेत पोचणार नाहीस, त्याच गाडीनं यावं लागेल. चढ तिच्यात, आई. बाकीची गाडी असेल त्यांची, पण आपल्या गल्लीखालचा तेवढा काळोख तुझाच आहे. खुर्ची घेऊन ये. इथेही संध्याकाळचं वारं फाटकावरच येतं, मी बघून ठेवलंय.

तुझीच भटकी,
आराथेली