पडले असतील कुठेतरी

अब्बा, परवा मी तुमचं वाक्य वापरलं, एक शब्दही न बदलता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं होतं की बॅडमिंटनच्या जाळीची वर्गणी त्यांच्या मुलीने केव्हाच दिली आहे, मग यादीत तिच्यापुढे फुली कशी? वर्गणी गोळा करायचं काम माझ्या मुलीकडे होतं. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि मनगटातलं मण्यांचं नवंकोरं ब्रेसलेट गोल गोल फिरवत होती. ते मी घेऊन दिलेलं नव्हतं. मला सगळं कळलं. आणि कळल्यावर मी काय करावं? मी टाइप केलं, "जाऊ द्या ताई, लहान आहेत, पडले असतील कुठेतरी. मी भरते." त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मुलीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि हळूच श्वास सोडला. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू, कारण तो श्वास माझ्या ओळखीचा होता. अकरा वर्षांची असताना तुमच्या दुकानात, मशीनच्या मागे बसून मी तो सोडला होता, आणि तुम्ही तो ऐकला होता.

हे मराठीत लिहितेय. घरात आपण आपली ती खिचडी हिंदी बोलायचो, पण गिऱ्हाइकांशी, पेपराशी आणि चिडल्यावर माझ्याशी तुम्ही मराठीतच बोलायचात. आज चिडायची पाळी माझी आहे.

पौडच्या बाजारातलं आपलं ते दुकान, दोन मशीन, एक फळी, आणि मे संपत आला की छतापर्यंत गेलेले शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. मी काजं-बटणं करायची. जमिनीवर एक सुई दिसली तर तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. उसवायला आलेल्या पँटच्या खिशात वीसची नोट सापडली तेव्हा तुम्ही भर दुपारी सायकल काढून दोन गावं पलीकडे ती परत देऊन आलात आणि आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन मला म्हणालात, "बघितलंस? आपल्या धंद्यात कापड आणि खिसा दोन्ही लोकांचे असतात." मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा! तुमच्याकडे शिलाईची वहीच नव्हती. वहीत फक्त मापं. जवळच्या रिहे गावाच्या खोऱ्यातली माणसं शिलाई रोखीत देतच नसत. भात झोडून झालं की दिवाळीनंतर पिशवीतून तांदूळ आणून ठेवायची, कोण किती देतो त्याकडे तुम्ही पाहायचाही नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचात, "माप मला इसरायला व्हतं म्हणून लिवतो. देनं त्यांचं त्यांना ठावं हाय." सगळी पेठ तुमचं कौतुक करायची. पण जूनमध्ये त्या खोऱ्यातून रोख पैसे येतच नसतील, तर ते आले नाहीत हे कळणार कुणाला? हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

त्याच खोऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीच्या आईने, मी अकरा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात, धरणाच्या रस्त्यावर बसून पर्यटकांना करवंदं विकली होती. कधी नव्हे ते चार पैसे हातात आले होते आणि तिला एकदा तरी शिलाई आधी द्यायची होती. शाळा उघडली त्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीने रुमालाच्या टोकाची गाठ दाताने सोडली आणि पंचेचाळीस रुपये माझ्या हातावर ठेवले. "अब्बांना दे. आय म्हनली, औंदा उधारी नगं." ती माझी एकुलती एक मैत्रीण. आमचा बाक एक, डबा एक. माझ्या डब्यातला खिमा तिला घरी चालायचा नाही, म्हणून ती मला शपथा घालून गुपचूप खायची आणि तोंड तीनदा धुवायची. अशा मुलीचे पैसे मी घेतले आणि संध्याकाळी बसस्टँडजवळच्या दुकानातून चोवीस रंगांची पेटी आणली. विचारलं तर सांगायचं, पुण्याच्या मामूने दिली. दुसऱ्या दिवशी तीच माझ्या शेजारी बसून त्यातला हिरवा रंग घासत होती आणि म्हणत होती, "तुजा मामू लई चांगला हाय गं." मी पण हो म्हणाले.

मग तो दिवस. मी मशीनमागे बटणं लावतेय. ती आणि तिची आई गणवेश न्यायला आल्यात, दोघी भिजलेल्या, पायाला चिखल. तुम्ही कागदात कपडे बांधता आणि नेहमीचंच बोलता, "वैनी, पैशाची घाई न्हाई. भात झाल्यावर बघू." आणि तिची आई हसते. काय अभिमानाने हसली होती ती! "आवं भाई, औंदा आगूदर दिलं की! पोरीसंगं धाडलं व्हतं, पंचेचाळीस." तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, "मला नाही दिले." किती सोपं होतं. ती माझ्याकडे पाहत राहते, रागाने नाही हो, गोंधळून, जणू मी काहीतरी विसरलेय आणि आत्ता मला आठवेल. "दिलं की, आये. हिच्या हातात दिलं." तिची आई खाडकन तिच्या कानाखाली मारते. तुम्ही मध्ये पडता. तुम्ही तिच्या आईचा हात धरता आणि म्हणता, "मारू नगा वैनी, लेकरू हाय. पडलं आसतील कुटंतरी." त्यावर मी श्वास सोडला. तुम्ही मागे वळून पाहिलंत. अब्बा, तुमच्या कात्रीला कापडाचा एक धागा सरकलेला कळायचा. तुम्हाला तेव्हाच कळलं.

नाही कळलं म्हणाल तर ऐका. दुसऱ्या दिवशी मी पाणी भरून आले तर माझं दप्तर उघडं होतं आणि रंगपेटी तुमच्या हातात होती. मला वाटलं आता चामडी लोळवणार. मला ते हवं होतं, देवाशपथ. तुम्ही पेटी बंद केलीत, दप्तरात ठेवलीत आणि म्हणालात, "पोरींच्या समोर काढत जाऊ नकोस." एवढंच! सुईवरून आरडाओरडा करणारा माणूस, वीस रुपयांसाठी उन्हात सायकल मारणारा माणूस, एवढंच बोलला. आणि दिवाळीनंतर तिची आई तांदूळ घेऊन आली. दुसऱ्यांदा दिलेली शिलाई. मी दुकानात होते, तुम्ही नको म्हणाल या आशेने उभी होते. तुम्ही पिशवी उचललीत आणि म्हणालात, "औंदा वास झ्याक हाय." अम्मीने त्याच तांदळाचा भात केला आणि तुम्ही दोनदा घेतलात. त्या भातासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

मला तुमची बाजू कळत नाही असं समजू नका. त्या आळीत आपलं एकच घर. शिंप्याची पोर चोर, असं एकदा बाजारात झालं असतं तर ते शिंप्यापाशी थांबलं नसतं, कुठवर गेलं असतं ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही आता माहीत आहे. शेजारच्या आळीत दुसरा शिंपी होताच. तुम्हाला दुकान वाचवायचं होतं, मला वाचवायचं होतं. पण तिचं काय? तुम्ही तिला चोर म्हटलं नाहीत, तुम्ही त्याहून वाईट केलंत. काही दिवसांनी शाळेच्या नळावर तिने मला विचारलं, अगदी हळू, "खरंच पडलं का गं माज्याकनं? मला वाटतंया मी तुला दिलं. पन तुजे अब्बा म्हनलं पडलं आसतील." तुमच्यासारखा माणूस म्हणतोय म्हटल्यावर ती स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला तयार झाली होती. मी ओंजळीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "असतील." त्यानंतर ती हळूहळू दुसऱ्या बाकावर गेली. भांडण नाही, काही नाही. वर्गात कुणाचं काही हरवलं की सगळे तिच्याकडे बघायचे, आणि तीही घाईघाईने आपलंच दप्तर उलटं करून दाखवायची. सातवीनंतर तिने शाळा सोडली.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या लोकांबरोबर रिह्याला एका फार्महाउसवर गेले होते. परतताना रस्त्याकडेला एक बाई इंद्रायणी तांदूळ विकत होती. तीच. तिने मला आधी ओळखलं, "तू शिंप्याची न्हवं?" म्हणून केवढी हसली, माझ्या गालाला हात लावला, पोरंबाळं विचारली. मी पाच किलो घेतले, दोन नोटा दिल्या. तिने त्या घेतल्या आणि शेजारच्या टोपलीवाल्या बाईला हाक मारली. "आक्का, हिकडं बगा. हिनं हजार दिलं. मी सहाशे मागारी देतिया." एकेक नोट मोठ्याने मोजून तिने माझ्या हातावर ठेवली. मी कसनुसं हसले तेव्हा म्हणाली, "तुज्यामुळं न्हाई गं. मी कुनालाबी आशीच देते. लहानपनी येकदा माज्याकनं पैसं पडलं व्हतं, तवापासनं भरवसा न्हाई माजा." तिचा स्वतःवर भरवसा नाही, अब्बा! चाळिशी ओलांडलेली बाई, स्वतःचं शेत, स्वतःचं गिऱ्हाईक, आणि साक्षीदाराशिवाय हात पुढे करत नाही. गाडीतले लोक हॉर्न वाजवत होते. मी तांदळाची पिशवी उचलली आणि निघाले.

परवाची रात्र तशीच गेली. काल सकाळी मी मुलीला ब्रेसलेटसकट जिन्याने खाली नेलं. नवरा म्हणाला, "दोनशे रुपयांसाठी एवढा तमाशा?" मी त्याच्यावर अशी ओरडले की त्याने चहा तसाच ठेवला. खालच्या दारात माझ्या मुलीने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या बाई लगेच "असू दे गं बाळा, होतं असं" म्हणायला लागल्या, मला त्यांचंही तोंड धरावंसं वाटलं. त्यांची मुलगी मात्र दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मग ग्रुपवर पण सांग. सगळ्यांना वाटतंय मी खोटं बोलले." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभी राहून लिहिलं की पैसे पडले नव्हते, माझ्या मुलीने खर्च केले होते आणि मला माहीत असून मी वेगळं लिहिलं. काल दिवसभर माझी मुलगी माझ्याशी बोलली नाही. खालची मुलगीही वर आलेली नाही. येईल की नाही, मला माहीत नाही.

आता हेही लिहून टाकते, नाहीतर हे सगळं पुन्हा खोटंच होईल. मी इतकी पानं तुम्हाला झोडपलं. पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. दुकान कधीच विकलं, तिथे आता मोबाइलवाला बसतो. चौदा वर्षांत माझ्या त्या मैत्रिणीला खरं सांगायला मला कुणीही अडवलेलं नाही, आणि आमच्या महाळुंग्यातून रिहे गाडीने तासाभरावर आहे. मी हे तुम्हाला लिहिलं कारण तुम्ही उत्तर देणार नाही. ती देईल.