उभ्यांची कोठडी

३ मार्च
आयर्लंडमध्ये डून लेरीत पोचले! वृंदाताईनं तिच्या घरी प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) एक फळी माझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. नागपुरात कॉम्प्युटरवर उड्डाणपुलांची मॉडेल्स केली, आता आर्मेनियातल्या पडक्या मठाचं करायचं. प्रदर्शनासाठी. मज्जा!

५ मार्च
मठ तेराव्या शतकातला. वाहान नावाचे म्हातारे आर्मेनियन अभ्यासक ऑफिसात येऊन माहिती देतात. घुमट भूकंपात गेला, भिंतींचे दगड गावकऱ्यांनी गोठ्यांसाठी नेले. एकच कोठडी शाबूत आहे. साथीच्या वर्षी गावानं अकरा आजारी साधूंना तिच्यात घालून दार दगडांनी चिणलं. जागा इतकी अरुंद, की कुणाला खाली बसताही आलं नाही. उभ्याउभ्याच गेले.

९ मार्च
कोठडीच्या लेझर स्कॅनमध्ये ठिपक्यांचे अकरा करडे ढीग, माणसाएवढे. स्कॅनरसमोरून कुणी गेलं की असा कचरा येतो. पुसले. बॉस ग्रॉन्या म्हणाली, ग्रँड (इथे 'ठीक'ला ग्रँड म्हणतात).

१० मार्च
ढीग परत आले. वाहान म्हणाले, आत कुणी जाणं शक्यच नव्हतं. दार अजून चिणलेलंच आहे, स्कॅनर वरच्या झरोक्यातून सोडला होता.

१६ मार्च
रोज पुसते, रोज येतात. आता दाराला चिकटून. दिवसभर खुर्चीत बसूनही माझेच पाय दुखतात. घरी येताना डार्टमध्ये (इथली लोकल) डुलकी लागली, आमचं स्टेशन मागे टाकून थेट ब्रेला पोचले.

१९ मार्च
वाहानना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून ढीग मोजले. मग म्हणाले, "दार उघडू नकोस, पोरी. फार दमलेत ते."
ते गेल्यावर मॉडेलमधल्या दाराचे दगड मी एकेक करून काढले. बघवेना. कोठडी रिकामी झाली.

२० मार्च
सकाळी डार्टमध्ये रिकाम्या सीटवर बसले— खाली गुडघे होते. गार. दिसलं कुणीच नाही. दुसऱ्या सीटवर— तिथेही.

२१ मार्च
ऑफिसची खुर्ची. सोफा. पलंग. आधीच कुणीतरी बसलेलं. चादरीवर दगडाचा चुरा.

२२ मार्च
मॉडेलमध्ये दार पुन्हा चिणलं. उपयोग काय— आत कुणी नाहीच.
वृंदाताई म्हणाली, "अगं, उभी काय? बस ना." ती त्याच सोफ्यावर खुशाल बसते. तिला काहीच—

२३ मार्च
उभ्यानं जेवले. फरशीवर आडवी झाले. फरशीवरही—

२४?
भिंतीला टेकून लिहितेय. वृंदाताई ड्यूटीवर. पोटऱ्या थरथरतायत. पलंगावरच्यानं मांडीवरचे हात बाजूला घेतले. चादर हलली, त्यावरून कळलं. मांडीवर जागा करतोय. मला. नाही म्हणायला हवं, पण मी इतकी दम—