दोन भोकांचे हेल्मेट

मी, नंदकिशोर केशव म्हसकर, वय एक्केचाळीस, जन्माने पंढरपुरी रेडा, मूळ गाव मंगळवेढा, हल्ली मुक्काम ओजिमा, कोतो, तोक्यो, नोकरीने सॉफ्टवेअर तपासनीस आणि नऊ हंगाम कंपनीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मान शाबूत नाही, म्हणून येत्या मंगळवारी तिच्यावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही, आणि लगेच सहीसाठी चार कागद पुढे केले. हा पाचवा मी आपणहून लिहायला घेतला.

कलम १. नवव्या मजल्यावरचे हे घर भाड्याचे आहे. ते पत्नी सुरुचीच्या नावे चालू राहावे. बँकेत असेल नसेल ते सगळे तिचे. हे तिच्या उपकारांची फेड म्हणून नाही. नऊ वर्षे तिने माझी मान शेकली आणि चिखलाचे कपडे धुतले. त्याची फेड होत नसते.

कलम २. बूट, गुडघ्याचे पट्टे आणि वजने यांचे स्मारक करू नये. जळणारे वेगळे, न जळणारे वेगळे करून, मोठ्या वस्तूंना नगरपालिकेचे स्टिकर लावून ठरल्या दिवशीच खाली ठेवावे. मेल्यावर तरी माझ्यामुळे इमारतीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लागू नये.

कलम ३. शिंगांविषयी एकदा नीट लिहून ठेवतो, कारण घरात यावर कधी धड बोलणे झालेले नाही.

मी भूकंपानंतर महिन्याभराने, एप्रिल २०११ मध्ये इथे आलो. परदेशी माणसे तेव्हा मिळेल त्या विमानाने परत चालली होती. संघातले तीन परदेशी खेळाडूही गेले, म्हणून मला जवळजवळ न बघताच घेतले. मला पुढे अमेरिकेत व्यावसायिक संघात खेळायचे होते, तेव्हा ही पहिली पायरी समजून मी खूश होतो. पण आमच्या जातीची शिंगे खांद्याच्याही मागे जातात. कोणतेच हेल्मेट बसेना. आणि हेल्मेट नाही, तर सामना नाही. पहिला अख्खा हंगाम मी सरावात धडका मारायची लोखंडी घसरगाडी ढकलली आणि सामन्याला मैदानाबाहेर उभा राहिलो.

कोणी मला शिंगे काप म्हणाले नाही. कोणी काहीच म्हणाले नाही. मी मनाशी धरले की माझ्यामुळे सगळ्यांची अडचण होते आहे, पण सभ्यपणामुळे कोणी बोलत नाही. मे २०१२ च्या सुट्टीत मी चिबातल्या एका दवाखान्यात जाऊन दोन्ही शिंगे कापून आलो.

सुट्टी संपल्यावर संघाचे व्यवस्थापक मोरिता-सान माझ्या टेबलापाशी आले. हातात एक कागद होता: 'म्हसकर यांच्यासाठी खास हेल्मेट बनवणे.' त्यावर सात साहेबांचे सात शिक्के होते. तो कागद आठ महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता, आणि सातवा शिक्का पडेपर्यंत मला सांगायचे नाही ही इथली रीत. मोरिता-सानांनी माझ्या डोक्याकडे पाहिले. मग कागदाकडे. मग ते कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी विचारले असते, तर त्यांनी सांगितले असते. मी विचारले नाही. मोरिता-सानांची चूक काहीच नव्हती, हे त्यांना माझ्यातर्फे कळवावे.

जूनमध्ये हेल्मेट आले. मंजुरीप्रमाणेच त्याला शिंगांसाठी दोन सुबक भोके, कडेला रबर. नऊ हंगाम मी तेच घातले. पाऊस आला की पाणी थेट आत.

शिंगे गेली तसा डोक्याचा तोल गेला. मी वळताना एक पाऊल उशिरा वळू लागलो. २०१४ मध्ये अमेरिकेत चाचणी दिली. तिथला प्रशिक्षक म्हणाला, धाव उत्तम आहे, वळणावर तू हरतोस. त्याचे खरे होते. माझे सगळे स्वप्न त्या एका पावलात गेले, आणि ते पाऊल मी स्वतः कापून दिले होते.

कलम ४. मित्र उल्हास देशमाने, राहणार फुनाबोरी, याने मला गाडीतून त्या दवाखान्यात नेले आणि वाटेत म्हणाला, "घाबरतो काय लेका, नखासारखं असतं, परत वाढतं." उल्हास माणूस आहे, त्याला काय ठाऊक, पण मी रेडा असून ऐकले. माझे खांद्याचे पॅड उल्हासला द्यावेत. न धुता.

कलम ५. डाव्या शिंगाचा मी शिक्का करून घेतला. इथे सहीपेक्षा शिक्का, म्हणजे हानको, मोठा, आणि चांगला शिक्का रेड्याच्या शिंगाचा असतो, हे मला तोवर माहीत नव्हते. बाजारातल्या म्हाताऱ्या कारागिराने ते हातात तोलून विचारले, "फार उंची माल. कुठे मिळाला?" मी टोपी काढून दाखवली. त्याने मजुरी घेतली नाही.

कलम ६. उजवे शिंग कपाटात आहे. ते मंगळवेढ्याला माझ्या आईकडे, सुमन म्हसकर यांच्याकडे पोचवावे. तिला अजून काही ठाऊक नाही. अकरा वर्षे व्हिडिओ कॉलवर मी टोपी घालून बसतो आणि ती म्हणते, "घरात कसली रे टोपी? काढ की, बघू तरी." उद्या रविवार आहे. उद्या काढीन.

कलम ७. आता मुलगी सलोनी, वय सतरा. तिची शिंगे माझ्यापेक्षा देखणी आहेत आणि खेळही. अमेरिकेतल्या एका महिला संघाने तिला जानेवारीत चाचणीला बोलावले आहे. गेल्या आठवड्यात तिने शिंगे कापण्यासाठी दवाखान्याचे संमतीपत्र माझ्यापुढे ठेवले. बुधवारपर्यंत त्यावर पालकाचा शिक्का हवा.

"पप्पा, हानको मारा ना."

"हेल्मेटचं त्यांना विचारलंस का?"

"मुरी, पप्पा. जमणारच नाही. आणि तुम्ही पण कापलीच ना?"

सुरुची म्हणते, पोरीचे डोके, पोरीने ठरवावे. मला भीती वाटते. मंगळवारी माझे काही बरेवाईट झाले, तर बुधवारी हा शिक्का कोणीतरी उमटवील. म्हणून स्पष्ट लिहितो: त्या कागदावर मी शिक्का दिलेला नाही, आणि माझ्या नावाने कोणी देऊ नये. मार्चमध्ये ती अठराची होईल, तेव्हा शिक्का तिचा. मग ठरवो.

मी मात्र त्या अमेरिकन संघाला ईमेलने एक पत्र पाठवले. उत्तर दुसऱ्या दिवशी आले: तपासणीत पास झाले, तर भोकांचे हेल्मेट चालेल. विचारायला एवढेच लागले. ते उत्तर छापून हेल्मेटमध्ये ठेवले आहे.

ते हेल्मेट सलोनीला द्यावे, माझ्यामागे नव्हे, आजच. काल पुसायला काढले, तर दोन्ही भोकांच्या रबरावर आतून ताजे ओरखडे होते. माझ्या डोक्याला अकरा वर्षे शिंगे नाहीत. पोरीने ते घालून पाहिले आहे, आणि ते तिला बसते.

साक्षीदार (दोघेही शेजारी, मजकूर आमच्यादेखत वाचला):
विद्या सरपोतदार
हरीश वाकणकर

ओजिमा, शनिवार, १८ नोव्हेंबर २०२३

नंदकिशोर केशव म्हसकर
शिक्का: डावे शिंग. किंचित तिरका उमटला आहे, पण माझाच आहे.