आकाश नावाचं पाचवं यंत्र

पाथर्डी, सोमवार, ५ जानेवारी २०२६

चि. धनश्रीस दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. एस.टी.चे कंडक्टर हनुमंतराव संध्याकाळी ते तुझ्या हाती देतील.

शाळेला चार नवे संगणक आले. जुन्यातली दहावीच्या एकतीस मुलांची श्लोकांची ध्वनिमुद्रणं त्यांत न्यायची होती. मी पेनड्राइव्ह लावला आणि 'कॉपी'ऐवजी 'कट' केलं. एकाच वस्तूच्या दोन प्रती बाळगणं अपरिग्रहाला सोडून वाटलं. मध्येच वीज गेली. तीस मुलं पोचली. एकतिसावी, दिशा, दोन्हीकडून गेली.

नेमकी तीच. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, तुमच्याच श्रीगोंद्याकडे. जाण्याआधी पाठांतर देऊन गेली होती. मुद्रण नसेल तर तोंडी परीक्षेला शून्य, म्हणजे संस्कृतात नापास. चूक माझी आणि वर्ष तिचं. फाइली नेण्याचा शहाण्या माणसाचा मार्ग कळव, आणि पोरीचा शोध लागतो का बघ.

लोभ आहेच, उपदेश बेताचा असावा.
तुझा दादा, कानिफनाथ


श्रीगोंदा, मंगळवार, ६ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

अपरिग्रह वाचून आमच्या स्टाफरूममध्ये चहा सांडला. माझ्या कॉम्प्युटरच्या तासाला तुला पहिल्या बाकावर बसवायला हवं.

पेनड्राइव्ह विसर. आसाराम शिपायाला सांगून चारही संगणक वायरींनी त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या डबीला, म्हणजे नेटवर्क स्विचला, जोड. प्रत्येकाला नाव दे, एक फोल्डर 'शेअर' कर. कायम कॉपी. दोन्हीकडच्या फाइली मोजून झाल्यावरच जुन्या पूस. याला इंटरनेटही लागत नाही.

दिशाचं मी बघते. कालव्याकडेला पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्यात. गुरुवारी मला पहिले तास नाहीत, तेव्हा गाडीवर जाऊन येईन.

वहिनींना नमस्कार. रागावू नकोस, रागावलास तर तेही पत्रानेच कळव.
तुझी धनू


पाथर्डी, बुधवार, ७ जानेवारी

चि. धनश्रीस आशीर्वाद.

तुझी युक्ती चालली. यंत्रांची नावं पृथ्वी, जल, तेज, वायू ठेवली. हसून घे.

आता हसू नकोस. अकरा वाजता माझ्या तासाला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली तर पाच नावं. पाचवं आकाश. ते मी ठेवलेलं नाही. ठेवायला यंत्रच नाही. आसारामने वायरी मोजल्या, चारच. डबीतली पाचवी खाच रिकामी, पण तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आसाराम म्हणाला की, सर, ह्याच्यात कायच न्हाई, मंग हे बोलतंय कुनाशी?

आकाशाचा गुण शब्द, असं आपण लहानपणी घोकलं. त्या आकाशात एकच ध्वनिमुद्रण होतं. नाव दिशा. आवाज तिचाच, एकही उच्चार चुकलेला नाही. पण मी मुद्रण बंद खोलीत केलं होतं आणि इथं मागे बैलांच्या घुंगरमाळा वाजतात. शेवटच्या श्लोकाला भांडं गडगडत जातं, कुणी बाई 'अगं आई' म्हणून ओरडते आणि दिशा हसते. फाइलवर उद्याची तारीख आहे. यंत्राचं घड्याळ चुकलं असणार.

पोरगी वाचली, एवढं मला पुरे. तू जाण्याची तसदी घेऊ नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.
दादा


श्रीगोंदा, गुरुवार, ८ जानेवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र हनुमंतरावांनी दुपारी दिलं. मी सकाळीच जाऊन आले होते. ते वाचून तशीच लिहायला बसले, अक्षर सांभाळून घे.

अकराच्या सुमारास पोचले. दिशा कोपीमागे, बैलांजवळ, एकटीच डोळे मिटून श्लोक म्हणत होती. मी दबकत पुढे गेले, मोबाइलवर मुद्रण सुरू केलं आणि शेवटच्या श्लोकाला तिच्या आईची कळशी माझ्या पायाला लागली. पुढचं तू कालच ऐकलं आहेस.

रोज असं का म्हणतेस, विचारलं. म्हणाली की, बाई, अकराला सरांचा तास असतोय, तवा मी आदी हजेरी देती न मंग म्हनती. तिच्या घरात मोबाइल नाही. मी विचारून घेतलं.

माझं मुद्रण पाठवलंय, तेच बोर्डाला लाव. सोमवारी तिला वह्या द्यायला पुन्हा जाणार आहे. वाट अरुंद आहे, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, पण पोरीला शब्द दिलाय.

तुझी धनू


पाथर्डी, शनिवार, १० जानेवारी

चि. धनूस आशीर्वाद.

तुझं मुद्रण जमा केलं. दिशाला वीसपैकी वीस. दोन्ही मुद्रणं एकदम लावून पाहिली. कळशी एकाच क्षणी पडते.

काल हजेरीत तिचं नाव घेऊन मी थांबलो. मुलं हसली नाहीत. डबीतला दिवा लागला.

आज आकाशात नवी फाइल आहे. नाव धनश्री, तारीख सोमवार, बारा. मी ती उघडलेली नाही. सकाळपासून तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र, आणि उद्याच्या पहिल्या गाडीने मागोमाग मी. वह्या मी नेऊन देईन. सोमवारी तू घराबाहेर पडू नकोस. वडीलकीने कधी काही मागितलं नाही, हे मागतो.

फाइलची लांबी चार सेकंद आहे. धनू, तुझं बोलणं चार सेकंदांत कधी संपलंय?

तुझा दादा