मेंदीखालचे तळहात

मी, ज्योत्स्ना बहिरू खैरनार, वय एकसष्ट, धंदा लेडीज टेलरिंग, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. रविराज शेवाळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण त्याहून जास्त किळस आहे. किळस आल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मला चाळीस वर्षांपासून हातापायांचा सोरायसिस आहे. तो कोणाला लागत नाही. तळहात आणि तळव्यांची कातडी जाड होते, पांढरे पापुद्रे सुटतात, पेरांवर भेगा पडून रक्त येते. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचा उलतात. रात्री मलम चोपडून सुती मोजे घालते आणि सकाळी गादीवरचा भुसा झाडते. तो झाडताना मलाही किळस येते, हे लपवत नाही. वकील म्हणाले, "बाई, हे कायद्याच्या कागदात कशाला?" पुढची सगळी वाटणी यावरूनच झाली आहे, म्हणून.

२. सन १९८८ मध्ये नांदगावी माझे लग्न झाले. मुलगा सटाण्याकडचा. बघायला आले तेव्हा वडील म्हणाले, "हात पदराखाली ठेव." लग्नाआधी आईने तळहातांवर आणि पावलांवर मेंदीचा एवढा जाड थर दिला की खाली काय आहे ते मलाही दिसेना. अकरा दिवस मेंदी टिकली. बाराव्या दिवशी मी भाकरी थापत होते. सासूने मनगट धरून माझा हात दारातल्या उजेडात नेला.

"हाई काय शे?"

"मेंदी नीट उठली नाही," मी म्हणाले.

तिने तव्यावरची भाकरी उचलून कुत्र्याला टाकली. नवरा ओट्यावर बसला होता. दुसऱ्या दिवशी मला माहेरी आणून सोडले. त्या लोकांवरचा राग केव्हाच गेला. त्यांना फसवलेच होते. किळस येते ती दोन्ही हात पुढे करून मुकाट्याने मेंदी लावून घेणाऱ्या त्या मुलीची. फारकतीचा कागद कपाटात आहे. त्या घराचा माझ्या मिळकतीवर कसलाही हक्क नाही.

३. नंतर धाकटा भाऊ किशोर याच्यासोबत नाशिकला आले आणि शिवण सुरू केली. हातही लागतात आणि पायही, असा धंदा मी निवडला. पायडल मारताना तळवे फाटायचे, रेशीम बोटांना अडकून धागे ओढले जायचे. एकदा येवल्याच्या पैठणीवरच्या ब्लाउजला रक्ताचा थेंब लागला. नवरीच्या मावशीने तो ब्लाउज दोन बोटांत मेलेल्या पालीसारखा धरला आणि विचारले, "महारोग तर नाही ना?" तेव्हापासून मी बोटांना पट्ट्या गुंडाळून काम केले. मशिनला मोटर बरीच पुढे बसवली.

पेठ तालुक्यातल्या कुसाबाई लहानू भोये एकोणीस वर्षे माझ्याकडे काज-बटण आणि तुरपाई करतात. माझ्या टाचांना मलमही त्याच लावतात. मी एकदा विचारले, "कुसाबाई, खरं सांगा, घाण वाटते का?"

"पयल्या दिवशी लय कसंसंच झालं, बाई," त्या म्हणाल्या. "जेवन गेलं नाय. मंग सवय झाली."

चाळीस वर्षांत मला एवढे खरे उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही. सबब दोन्ही मशिनी, कात्र्या, इस्त्री, कपाटातले सर्व कापड आणि बँकेतली मुदत ठेव कुसाबाईंना द्यावी. मोठी कात्री त्यांनी कोणालाही उसनी देऊ नये.

४. इंदिरानगरातील तळमजल्याचा फ्लॅट ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. त्यात किशोर, त्याची पत्नी योगिनी आणि त्यांची मुले वेदिका व रोहित माझ्याबरोबर अठरा वर्षे राहिली. माझा पेला ओळखू यावा म्हणून योगिनीने त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. माझी बादली वेगळी, पायपुसणे वेगळे. हे मी सोसले, कारण घरात मुले होती.

वेदिकेच्या लेकीच्या बारशासाठी मी मलमलीचे झबले शिवले. तीन आठवडे हातमोजे घालून शिवले, उकळत्या पाण्यातून काढले. बारशाच्या दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली आणि योगिनी कचऱ्याची बादली घेऊन निघाली. कांद्याच्या सालींवर ते झबले होते.

मी दारात तिच्या आडवी आले. ती म्हणाली, "ताई, बाळाची कातडी नाजूक असते हो."

किशोर पेपर वाचत होता. त्याने पान उलटले.

मी त्याच दिवशी त्यांना घर सोडायला सांगितले. चार महिन्यांनी ते पाथर्डी फाट्याला राहायला गेले. किशोर यास मी काही देत नाही. योगिनीस लाल ठिपक्याचा पेला द्यावा. तो घासून ठेवला आहे.

५. गेल्या मे महिन्यात रोहित माझ्या शिवणाच्या भाड्याच्या दुकानात आला. वय अठ्ठावीस. एवढ्या उन्हात बूट आणि जाड मोजे. "आत्या, शटर जरा ओढू का?" म्हणाला. मग स्टुलावर बसून त्याने मोजे काढले.

मी ते तळवे पाहिले. माझेच होते.

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"आईला माहीत आहे?"

"आईच म्हणाली, लग्न होईपर्यंत कोणासमोर मोजे काढू नको."

त्याचे लग्न सायली नावाच्या मुलीशी ठरले होते. मी खाली बसून त्याच्या टाचेची भेग बघायला हात लावला. त्याने झटकन पाय मागे घेतला. मग आपण काय केले ते त्याच्याच लक्षात आले आणि तो तोंड झाकून रडू लागला. मी त्याची समजूत काढली नाही. मला त्या क्षणी त्याचीही शिसारी आली होती. त्याच्या त्या मागे घेतलेल्या पायात अख्खे घर होते.

रडे थांबल्यावर मी म्हणाले, "आधी डॉक्टरांकडे जा. मग सायलीला दाखव."

"ती नाही म्हणाली तर?"

"म्हणू दे. पण बघून म्हणू दे."

किशोरला हे कळले. तो चार वर्षांनी माझ्या दारात आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. "तुझं मोडलं, आता त्याचंही मोडायला निघालीस," म्हणाला. मी त्याला सांगितले, माझे मेंदीने मोडले. तो निघून गेला.

मागच्या रविवारी रोहित सायलीला दुकानात घेऊन आला. यावेळी शटर उघडे होते. त्याने मोजे काढले. सायली बराच वेळ बघत राहिली. तिचे तोंड कसेसेच झाले आणि तिने ते लपवले नाही. मग ती म्हणाली, "हे मला बघवत नाही, हे खरं आहे. पण एवढे दिवस तू माझ्याशी खोटं वागलास, ते त्याहून वाईट. मला वेळ दे." आणि ती रिक्षाने एकटी गेली.

तिने होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. रोहित मात्र त्या दिवशी मोजे हातात घेऊन, उघड्या टाचांनी चपलेवर घरी गेला. रस्त्यावरचे लोक बघत होते, असे कुसाबाईंनी दारातून पाहून सांगितले.

सबब सदर फ्लॅट मी रोहित किशोर खैरनार यास देत आहे. लग्न होवो अथवा न होवो, त्याचा या वाटणीशी संबंध नाही. त्याने तो आईवडिलांच्या नावे करू नये. त्यांना तिथे येण्यास मनाई नाही, राहण्यास आहे.

६. माझ्या अंत्यस्नानाच्या वेळी माझ्या हातापायांना कुसाबाईंनी पाणी घालावे, त्यांची इच्छा असल्यास. हयातीत ज्यांनी मला हात लावला नाही, त्यांनी तेव्हा लावू नये. प्रेताला मोजे अथवा हातमोजे घालू नयेत, आणि पदराने हात झाकू नयेत. ज्यांना बघवणार नाही त्यांनी बाहेर थांबावे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. शेवाळे यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली आहे. डाव्या अंगठ्याचा ठसा तीन वेळा घेतला. रेषा उमटत नाहीत, नुसता काळा डाग पडतो. तो माझाच समजावा.

(सही) ज्योत्स्ना बहिरू खैरनार

साक्षीदार:
१. डॉ. रविराज शेवाळे, त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक (सही)
२. चंदर नथू पगार, शेजारी, इस्त्रीचे दुकान, इंदिरानगर (सही)

ठिकाण: नाशिक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५